घरच्या माणसांचा चित्रपट: ठाण्यातले चित्रीकरण ते पहिला खेळ

मित्रमंडळी आणि नातेवाईक यांना बरोबर घेऊन चित्रपट करायचा म्हटले की पहिली चिंता पैशांची वाटते. प्रत्यक्षात चांगला कॅमेरा आज अनेकांच्या खिशात असतो, संकलनाचे उत्तम सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि घर, गच्ची, दुकान, रिक्षा या सगळ्या गोष्टी ओळखीतून उभ्या राहतात. टंचाई असते ती माणसांच्या वेळेची. आठवडाभर ठाण्याहून भरगच्च लोकलने मुंबईला जाऊन येणारी माणसे त्यांच्या वाट्याची सुट्टी तुम्हाला देणार असतात आणि पैसे घेऊन आलेल्या कामगाराला जसे ‘आज शिफ्ट थोडी वाढवू’ असे सांगता येते, तसे त्यांना सांगता येत नाही. म्हणूनच अशा चित्रपटात वेळापत्रक आणि लेखी व्यवहार व्यावसायिक चित्रपटापेक्षाही अधिक काटेकोर असावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

गोष्ट निवडताना

पहिला चित्रपट पंचवीस ते तीस मिनिटांचा असावा. पटकथेच्या रूढ मांडणीत लिहिलेले एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालते आणि हौशी मंडळींकडून दिवसाला चार-पाच पानांपेक्षा जास्त चित्रीकरण नीट होत नाही. म्हणजे सहा दिवस आणि राहून गेलेल्या तुकड्यांसाठी सातवा दिवस, एवढा हिशेब आधीच मनात धरावा.

गोष्ट सुचल्यावर लोकेशन शोधण्याऐवजी आधी हाताशी काय आहे त्याची यादी करावी आणि तिच्यातून गोष्ट घडवावी. कोणाच्या काकांचे वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप असते, कोणाचे नौपाड्यात जुने घर असते, कोणाच्या मामांचा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गाळा असतो. अशा जागा भाड्याने घेऊन सजवायच्या म्हटल्या तर लाखांच्या घरात खर्च जाईल. इथे त्या वर्षानुवर्षांच्या वापराच्या खुणांसकट तयार मिळतात. माणसांचेही तेच. ज्या मामांनी आयुष्यभर गल्ल्यावर बसून हिशेब केला, त्यांना दुकानदाराचीच भूमिका द्यावी. नोटा मोजताना त्यांचा अंगठा ज्या वेगाने चालतो तो वेग कोणत्याही तालमीने दुसऱ्याला येणार नाही. चेंदणी कोळीवाड्यातले किंवा ऐरोली-दिव्याकडचे पात्र असेल तर त्याला त्याच्या घरच्या आगरी-कोळी बोलीत बोलू द्यावे. संवाद लिहून दिले तरी पहिल्या वाचनाला ‘हे तुम्ही घरी कसे म्हणाल?’ असे विचारावे आणि उत्तर मिळेल ते पटकथेत उतरवावे. सहा पात्रे आणि चार जागा यापलीकडे जाऊ नये. रात्रीची बाहेरची दृश्ये शक्यतो लिहूच नयेत, कारण दिव्यांचा, विजेचा आणि परवानग्यांचा सगळा खर्च तिथेच होतो.

तारखा दिवाळीनंतरच्या धराव्यात. पाऊस गेलेला असतो, घाम कमी येतो आणि गणपती-नवरात्राचे लाउडस्पीकर थांबलेले असतात. मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा पत्रिकांच्या तारखा विचारून घेतल्याशिवाय वेळापत्रक पक्के करू नये. लागोपाठचे तीन शनिवार-रविवार मिळाले तर उत्तम. मध्ये महिनाभराचा खंड पडला की कोणी केस कापतो, कोणी दाढी वाढवतो, कोणाच्या घराला रंग लागतो आणि एका दृश्याचे दोन तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

कागद

नात्यातल्या माणसाकडून सही घ्यायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरले जाते. त्यामुळे पाच मित्रांनी मिळून पैसे घातले असतील तर निर्माता कोण, कोणाचा वाटा किती, मावशींनी दिलेली रक्कम भेट आहे की उसनी, आणि पुढे कुठून पैसे आलेच तर ते कसे वाटायचे, हे एका कागदावर साध्या मराठीत लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. प्रत्येक कलाकाराकडून त्याचे चित्रण आणि आवाज वापरण्याची संमती घ्यावी. जागेच्या मालकाकडूनही पत्र घ्यावे, घर सख्ख्या भावाचे असले तरी. आज याची गरज वाटत नाही. उद्या एखाद्या महोत्सवाने किंवा वाहिनीने कागदपत्रे मागितली, तेव्हा परदेशी गेलेल्या भाच्याला सहीसाठी शोधत बसावे लागते.

लहान मुलांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. चौदा वर्षांखालील मुलाला कलाकार म्हणून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त थांबवता येत नाही आणि त्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. मूल घरचेच असले तरी हे तास पाळावेत. प्राणी दाखवायचा असेल, मग तो घरचा कुत्रा का असेना, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वी घ्यावी. सेन्सॉरकडे जाताना ती मागितली जाते. धूम्रपानाचे दृश्य टाळावे. ते ठेवले तर तंबाखूविरोधी संदेश आणि पडद्यावरचा इशारा दाखवणे बंधनकारक आहे आणि अर्ध्या तासाच्या चित्रपटाला ते ओझे पेलत नाही.

संगीताबाबत फार गैरसमज आहेत. ‘फक्त वीस सेकंद वापरले’ किंवा ‘पैसे कमावणार नाही’ असे म्हटल्याने गाणे मोकळे होत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि शब्द व चाल यांचा वेगळा. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, परंतु त्याला एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल आणि एखाद्या गायकाने गायलेली ध्वनिफीत सर्वांची नाही. घरातल्या आजींना त्यांच्या पारंपरिक चालीत ओवी किंवा अभंग म्हणायला सांगून तो स्वतः ध्वनिमुद्रित केला, तर प्रश्नही मिटतो आणि चित्रपटाला त्याचा स्वतःचा स्वर मिळतो.

बाहेर चित्रीकरण करायचे असेल तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे आणि तिथे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याखेरीज स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि ऐरोलीची खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येते. दोन्हीकडे वन विभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये. ठाणे स्थानकाच्या फलाटावर मोबाइलवर गुपचूप चित्रीकरण करण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा, कारण रेल्वेची परवानगी लागते आणि तो तुकडा पुढे कुठेही बिनधास्त दाखवता येत नाही. पात्र जिना चढून घरात येताना दाखवावे आणि मागे गाडीचा भोंगा व उद्घोषणेचा अस्पष्ट आवाज ठेवावा. ठाणेकर प्रेक्षकाला उरलेले स्थानक आपोआप दिसते. ड्रोन उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. मुंबई आणि आता नवी मुंबई अशा दोन विमानतळांमुळे या पट्ट्यात निर्बंधांचे क्षेत्र बरेच मोठे आहे.

आवाज, मग चित्र

सगळ्या युनिटमध्ये एकाच माणसाला पैसे देणे परवडत असेल तर तो ध्वनिमुद्रक असावा. किंचित अंधूक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, परंतु न समजलेला संवाद त्याला खुर्चीत अस्वस्थ करतो, आणि नातेवाइकांनी भरलेल्या सभागृहातही ही अस्वस्थता लपत नाही.

इमारतीतल्या घरात आवाज टिपणे किती कठीण असते ते कळव्याच्या एका फ्लॅटमध्ये मी जवळून पाहिले. दृश्य साधे होते: आत्या ओट्याशी उभी राहून भाकरी थापते आणि पाठमोरीच मुलाला एक वाक्य बोलते. पंखा बंद केला, तेव्हा फ्रिजची घरघर ऐकू आली. फ्रिज बंद केला, तेव्हा खालून सोसायटीचा पाण्याचा पंप. सेक्रेटरींकडून पंपाच्या वेळा विचारून घेतल्या, तोवर शेजारी कुकरची शिट्टी झाली आणि मग रुळांवरून जलद गाडी गेली. ध्वनिमुद्रकाने शांतपणे वहीत दोन गाड्यांमधले अंतर टिपले, शेजारच्या वहिनींना कुकर कधी उतरणार ते विचारले आणि या सगळ्याच्या मधली काही मिनिटांची शांतता हेरून टेक घेतला. भाकरीवरच्या थापांचा आवाज त्याने नंतर एकट्याने, माइक परातीजवळ धरून, वेगळा घेतला. आज ते दृश्य पाहताना कान आधी त्या थापांकडे जातो. ही वही प्रत्येक जागेसाठी आधीच तयार करावी: पंप कधी, नळाला पाणी कधी, शाळा कधी सुटते, भाजीवाला कधी येतो. फ्रिज बंद केल्यावर घराच्या किल्ल्या त्यात ठेवाव्यात, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचे राहत नाही.

ध्वनिमुद्रक नसेल तर साधा कॉलर माइक दुसऱ्या फोनला जोडून पात्राच्या खिशात ठेवावा, ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर घ्यावा आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी, म्हणजे संकलनात चित्र आणि आवाज जुळवता येतात. प्रत्येक खोलीत सर्वांनी गप्प उभे राहून मिनिटभर नुसती शांतताही ध्वनिमुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधली भोके बुजवायला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

कॅमेऱ्याबाबत एक गोष्ट नक्की सांभाळावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेच फोन मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) घेतात. त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. चौकटी सेकंदाला २४ आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवावा. फोकस, प्रकाश आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) तिन्ही लॉक करावेत आणि एचडीआर (उजेड-सावली आपोआप सावरणारी सोय) बंद ठेवावे. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे सगळे जमत नसेल तर ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे मोफत ॲप घ्यावे. प्रकाशासाठी खिडकी आणि थर्माकोलची मोठी पांढरी शीट पुरेशी असते: पात्राला खिडकीच्या बाजूला तिरके बसवावे आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या अंगाला शीट धरावी. ती धरणाऱ्या चुलतभावाला तो प्रकाश धरतो आहे हे समजावून सांगितले तर त्याचा हात दुखत नाही.

जेवण वेळेवर आणि गरम असावे. नाश्ता सातला, जेवण एकला, पॅक-अप सहाला, आणि या तिन्ही वेळा आदल्या रात्री सर्वांना कळवलेल्या असाव्यात. दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी सगळ्या युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत असत, हे आपण कौतुकाने सांगतो. तेवढ्यावरून आपल्या घरातल्या बायकांनी वीस माणसांचा स्वयंपाक गृहीत धरून करावा असे होत नाही. डबे बाहेरून मागवावेत. कोणी हौसेने केलेच तर खर्च द्यावा आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव पूर्ण, आडनावासह द्यावे.

रोज संध्याकाळी सगळे चित्रण दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी पाठवावी. ते उघडून तपासल्याशिवाय कार्ड किंवा फोन रिकामा करू नये.

संकलन

‘दाविंची रिझॉल्व्ह’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. पहिली जुळणी लांबच होते. तीस पानांचा चित्रपट चाळीस मिनिटांचा दिसतो. तो छाटताना सर्वांत अवघड जाते ते नातेवाइकांचे दृश्य कापणे. काकांनी सुट्टी घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून दिलेले एक मिनिट चित्रपटाला नको असते. माझ्या मते ते कापावे, परंतु काकांना प्रीमियरच्या आधी स्वतः भेटून सांगावे आणि तो तुकडा वेगळा काढून त्यांना द्यावा. सभागृहात आपले दृश्य नाही हे कळण्यापेक्षा घरी चहाच्या वेळी कळलेले बरे असते.

पटकथा न वाचलेल्या दोन-तीन माणसांना कच्चा चित्रपट दाखवावा. ‘आवडला का’ असे विचारू नये, कारण ओळखीची माणसे हो म्हणणारच. ‘गोष्ट काय घडली ते सांगा’ असे म्हणावे. ती जिथे अडखळतील तिथे काम बाकी आहे. एखादा संवाद वाचवता येत नसेल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभे करून त्याच माणसाकडून पुन्हा बोलून घ्यावा. कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात. इंग्रजी सबटायटल याच टप्प्यावर करावीत आणि चित्रपटातली बोली जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावीत.

पहिला खेळ

आधी ठरवावे की खेळ खासगी आहे की सार्वजनिक. फक्त निमंत्रित, नावानिशी बोलावलेली मंडळी आणि तिकीट नाही, असा खेळ घरगुती राहतो. तिकीट लावले किंवा दार सर्वांना उघडे ठेवले की तो १९५२ च्या चलचित्रपट कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनात येतो आणि सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे प्रमाणपत्र कायमस्वरूपी वैध राहते. ‘यूए’ वर्गात आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आहेत. चित्रपट पुढे लोकांपुढे न्यायचाच असेल तर प्रमाणपत्र आधी घेऊन मगच प्रीमियर करावा, म्हणजे सभागृहाच्या व्यवस्थापकाशी वाद घालावा लागत नाही. खासगी खेळालाही त्याची प्रत मागितली जाऊ शकते.

जागेचे तीन मार्ग दिसतात. गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर आपला चित्रपट दिसावा असे प्रत्येक ठाणेकराला वाटते आणि त्यात गैर काही नाही, पण ते नाट्यगृह आहे. शनिवार-रविवारची सत्रे नाटकांना जातात, पडदा आणि प्रोजेक्टर आपण आणावा लागतो, आणि अर्ध्या रिकाम्या मोठ्या सभागृहात छोटा चित्रपट हरवतो. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातले लघु सभागृह अशा खेळाला जास्त शोभते. नवी मुंबईच्या मंडळींनी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात चौकशी करावी. दुसरा मार्ग मल्टिप्लेक्सचा एक पडदा सकाळच्या वेळी खासगी खेळासाठी घेण्याचा. तिथे चित्र आणि आवाज उत्तम मिळतात, मात्र चित्रपट डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहातल्या प्रोजेक्टरला लागणाऱ्या डिजिटल स्वरूपात द्यावा लागतो. ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या मोफत सॉफ्टवेअरवर तो घरी तयार होतो आणि मुळात २४ चौकटींवर चित्रण केलेले असेल तर काम सोपे जाते. तिसरा मार्ग सोसायटीची गच्ची. खर्च कमी आणि जिव्हाळा भरपूर, पण अंधार पडल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. साडेसातला सुरू करून नऊला आवरावे.

कोणतीही जागा असो, दोन दिवस आधी तिथे जाऊन त्याच यंत्रावर, तीच फाइल, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहावी. मागच्या रांगेत बसून संवाद ऐकावेत आणि सबटायटल कोणाच्या डोक्याआड जात नाहीत ना ते पाहावे. फाइल दोन पेनड्राइव्हवर असावी. फॅट३२ प्रकारच्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तेव्हा तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा. प्रोजेक्टर भाड्याने आणताना पाच हजार लुमेनपेक्षा (लुमेन हे प्रकाशाचे माप) कमी उजेडाचा घेऊ नये.

दिवस ठरवताना रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निमंत्रण पाठवू नये. डोंबिवली, कल्याण, पनवेलहून येणारी मंडळी ब्लॉकमध्ये अडकली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. शनिवार संध्याकाळ त्या मानाने सोयीची. पाहुण्यांना वेळ अर्धा तास आधीची सांगावी, भाषणे चित्रपटानंतर ठेवावीत आणि तीही दोनच. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नयेत, हे दिव्यांच्या बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाला नीट बजावून ठेवावे. थर्माकोल धरणारा भाऊ आणि पंपाच्या वेळा सांगणारे सेक्रेटरी आपले नाव पडद्यावर पाहायलाच आलेले असतात.

चित्रपट लगेच यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नये. तिथे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही हे खरे, परंतु ऑनलाइन आलेला चित्रपट काही महोत्सव घेत नाहीत. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मुंबईत लघुपट, माहितीपट आणि ॲनिमेशनसाठी भरणारा ‘मिफ’ अशा ठिकाणच्या अटी आणि प्रवेशाच्या तारखा वाचून, प्रवेशशुल्काची मर्यादा आधीच ठरवून अर्ज करावेत. एक वर्ष थांबून मग चित्रपट सर्वांसाठी खुला करावा.

प्रीमियरनंतर आठवड्याभरात जमाखर्चाचा कागद पैसे घातलेल्या प्रत्येकाला पाठवावा, उसन्या आणलेल्या वस्तू धुऊन-पुसून परत कराव्यात आणि काम केलेल्या प्रत्येकाला चित्रपटाची फाइल द्यावी. मूळ चित्रण, वेगळे ध्वनी, संकलनाचा प्रकल्प आणि सह्यांचे कागद स्कॅन करून एकत्र दोन डिस्कवर ठेवावेत, त्या दोन वेगळ्या घरांत असाव्यात आणि वर्षातून एकदा त्या सुरू करून फाइली उघडतात ना ते पाहावे.